भाला आबांचा होता

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. माय गेली, तिला नाही. बायकोला नाही. आणि ज्या ख्रिस्ती मंडळीत मी आज वडीलधारा म्हणून पुढं बसतो, त्या मंडळीला तर नाहीच. धारूरच्या डोंगराखाली आमचं गाव. तिथं पाटलाच्या खळ्यावर एका पळत्या माणसाच्या पायात भाला घुसला, त्याला लोक अजूनही 'भिवा जागल्याचा वार' म्हणतात. भिवा जागल्या म्हणजे माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो. तो वार त्यांचा नव्हता, माझा होता. मी तेव्हा अठराएक वर्षांचा होतो, म्हणजे पोरवयाच्या नावाखाली सुटून जाईन इतका लहान नव्हतो.

आज हे लिहायला बसलो त्याला निमित्त झालं. सध्याचे दिवस बरे नाहीत. गावोगावी लोक हल्ल्याच्या भीतीनं कुऱ्हाड उशाला घेऊन निजतात. परवा उपासना सुटल्यावर मंडळीतली चार तरणी पोरं मला गाठून विचारायला लागली, ख्रिस्ती माणसानं हत्यार धरावं का, शास्त्र काय म्हणतं. मी काही बोलायच्या आत त्यांतलाच एक म्हणाला, "कावून न्हाई धरायचं? भिवा जागल्यानं बी शेवटी भाला उचललाच की. त्यो तर केवडा देवमाणूस!" सगळे माझ्याकडं बघायला लागले, भिवा जागल्याच्या लेकाकडं. मी चष्मा काढून पुसला. आणि तसाच घरी निघून आलो.

आमचं घर गावकुसाबाहेर, ओढ्याच्या अंगाला. तुराट्यांचा कूड, त्याला शेणामातीचं लिंपण, वर गवताचं छप्पर. पहाटे माय जात्यावर बसायची आणि त्या घरघरीनंच आम्ही जागे व्हायचो. पूर्वी ती दळताना खंडोबाचं गायची, तुळजापूरच्या आईचं गायची. ओढ्यात बाप्तिस्मा झाल्यावर तिनं त्याच चालीत येशूचं नाव बसवलं, आणि नाव दोनच अक्षरांचं, म्हणून उरलेली जागा 'माझ्या बाई' म्हणून भरायची. आमच्या उपदेशक मास्तरांनी एकदा हसत हटकलं, तर म्हणाली, "गाणं माजं हाय मास्तर, देव तुमचा घेतला, चाल कशाला सोडू?" आबांना जागलकीपोटी एक जमिनीचा तुकडा होता आणि घरोघरची भाकर होती. सांजच्याला ते टोपली घेऊन गावातून फिरायचे. एका घरची भाकर जाड, एका घरची पातळ, कुठं कडेला करपलेली, कुठं आदल्या दिवसाची. माय ती सगळी एकत्र कुस्करायची, वर ताक ओतायची, वाळल्या मिरचीचा ठेचा आणि करडईच्या तेलाची धार सोडायची. आबा डोळे मिटून घास चावायचे आणि ही सुताराची, ही तेल्याची, ही पाटलाच्या धाकट्या सुनेची असं सांगायचे, आणि चुकायचे नाहीत. "लई घाईत थापली बगा आज," म्हणायचे, "घरात भांडण झालं असंल." त्या काल्याची चव मला नंतर कुठल्याच जेवणाला आली नाही. आता माझ्या घरी गव्हाची पोळी होते आणि मी मुकाट्यानं खातो.

जागलकी म्हणजे काय हे आजच्या पोरांना ठाऊक नाही. मोगलाईत आमच्या भागात गावाची राखण जागल्याकडं असायची. हातात भाला, खांद्यावर घोंगडी, आणि वेशीपासून ओढ्यापर्यंत फेरी मारताना "हुश्शार!" अशी आरोळी. चोरी झालीच तर माग काढायचा, म्हणजे चोराच्या पावलांच्या खुणा धरत जायचं. आबा वाकून चालायचे. चांगलं उमटलेलं पाऊल दिसलं की त्यावर उपडी टोपली झाकायची, वाऱ्यानं पुसू नये म्हणून. माग आपल्या शिवेपार गेला की शेजारच्या गावच्या जागल्याला हाक मारून ती टोपली उचलून दाखवायची. पाऊल त्यानं ओळखून घेतलं की तिथून पुढची जबाबदारी त्या गावाची. माग ज्या गावात संपला त्या गावानं चोरी भरून द्यायची. आबांनी दाखवलेला माग कुणी कधी नाकारला नाही. केजपर्यंतचे जागले त्यांचं नाव काढायचे.

त्यांनी भाला ठेवला तो एका रविवारी. आमच्याकडं लक्ष्मण मास्तर म्हणून उपदेशक होते, नगरकडचे, बारीक अंगाचे, पोरांना शिकवायचे आणि रविवारी शाळेच्या छपरातच उपासना चालवायचे. त्या दिवशी ते प्रभूला बागेत धरायला शिपाई येतात तो भाग वाचत होते. पेत्र तलवार उपसतो, एकाचा कान कापतो, आणि प्रभू त्याला तलवार म्यानात घालायला सांगतो. आबा सवयीनं दाराशी उभे होते, भाला कुडाला टेकवून. त्यांनी मध्येच विचारलं, "मास्तर, कान कापला त्यो कोण व्हता?"

"महायाजकाचा नोकर. मल्ख नाव त्याचं."

"नोकर? म्हंजी धाडला म्हून आलता?"

"हो. मालकानं पाठवला म्हणून आला. हातात दिवे, काठ्या घेऊन सगळे आले होते."

"अन् मग त्या कानाचं?"

मास्तरांनी दुसरं पान काढलं आणि प्रभूनं त्या कानाला हात लावून तो बरा केला, हे वाचून दाखवलं. आबा दारातून दोन पावलं आत आले. मग म्हणाले, "म्हंजी त्याचे हात बांदायच्या आदी त्या हातानं शेवटचं काम केलं ते जागल्याचा कान बरा करायचं." मास्तरांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "भिवाजी, आज इथंच थांबू." मी मास्तरांना त्याबद्दल फार मानतो. दुसरा कुणी असता तर पुढं अर्धा तास बोलला असता.

घरी येऊन आबांनी भाला छपरात, आढ्याच्या वर खोचला. जागलकी मात्र सोडली नाही. त्यांनी कामाची रीतच बदलली. पूर्वी अंधारात दबा धरून बसायचे, आता टेंभा पेटवून उघड फिरायचे आणि दुप्पट ओरडायचे. चोराला आधीच कळावं की आपण दिसणार. तरी चोरी झाली तर दिवसा माग काढत थेट चोराच्या दारापर्यंत जायचे आणि उंबऱ्याबाहेर बसून राहायचे. शिवी नाही, धमकी नाही. घरातल्या बाईनं पाणी दिलं तर प्यायचे. एकदा चोरीला गेलेली पितळी घागर अशी दुपारपर्यंत बसून त्यांनी परत आणली, आणि वर त्या घरच्या म्हातारीनं दिलेला हुलग्याच्या घुगऱ्यांचा वाडगा. माझे चुलते गेनूनाना म्हणाले, "दादा, चोराघरी जेवून आला व्हय? आता सोयरीक तेवडी ऱ्हायली." आबा हसले. मला मात्र लाज वाटली. हे मला लपवायचं नाही. माझ्या बापाच्या हातून जे घडत होतं तसं मी पुन्हा कुठं पाहिलं नाही, आणि ते घडत होतं तेव्हा मी खाली मान घालून चालत होतो.

खंडेनवमीला गावातली हत्यारं पाटलाच्या ओसरीवर मांडून पूजतात. जागल्याचा भाला त्यांत पहिला असायचा. त्या वर्षी ती जागा मोकळी राहिली. पाटलांनी सगळ्या गावादेखत विचारलं, "भिवा, भाला कुठं हाय?"

"घरी हाय, मालक."

"आन मग."

"मला जागलकी करू द्या मालक, भाला ऱ्हाऊ द्या."

पाटलाचा पुतण्या माझ्याच वयाचा. तो खांबाला टेकून म्हणाला, "तात्या, ह्येच्या देवानं सांगितलंय, चोरानं एक पोतं नेलं तर दुसरं बी द्यावं." लोक हसले. पाटील हसले नाहीत. ते वाईट माणूस नव्हते, पण गावाचं धान्य त्यांच्या शिरावर होतं. म्हणाले, "हे बघ, सुगीपत्तुर बघतो. राशी घरात येईस्तवर एक पाटी जरी कमी भरली तर जागलकी दुसऱ्याला. मग तू अन् तुझा येशू." जागलकी गेली की जमिनीचा तुकडा जाणार, टोपलीतली भाकर जाणार. पुतण्या मला वाटेत गाठून म्हणाला, "काय बे दान्या, तुझा बाप राखण करतो का चोराची आरती?" माझं नाव दानियल, पण गावात दान्याच.

त्याच आठवड्यात आमच्या अंगणात मास्तर, आबा, नाना, माय अशी बैठक बसली. दुपारची वेळ, माय भुईमुगाच्या शेंगा सोलत होती. आजही हत्यारांचा विषय निघाला की मला ती बैठक आठवते, कारण त्यानंतर मी या विषयावर बरंच ऐकलं, पण इतकं प्रामाणिक काही ऐकलं नाही. मास्तर म्हणाले, "भिवाजी, तुमची जमीन जाईल, म्हणून सांगतो. मी तुम्हाला एकच बाजू वाचून दाखवली, तर मीच चोर ठरेन. शास्त्रात दुसरंही आहे." मग त्यांनी सांगितलं की धरला जाण्याच्या आधी त्याच रात्री प्रभू शिष्यांना म्हणाला, तलवार नसेल त्यानं अंगरखा विकून ती घ्यावी. शिष्य म्हणाले, आमच्याकडं दोन आहेत, आणि प्रभूनं तेवढ्यावर बोलणं संपवलं.

"दोन तलवारी अन् माणसं डजनभर," नाना म्हणाले. "म्हंजी आपल्यासारकंच. भाले दोन अन् चोर बारा वाड्यांचे."

मास्तर हसले आणि पुढं गेले. यरुशलेमची पडकी भिंत बांधणाऱ्यांची गोष्ट सांगितली. एका हातानं दगड रचायचे आणि दुसऱ्या हातात हत्यार धरायचे, आणि देवानं त्यांना दोष दिला नाही. सैनिकांनी योहानाला विचारलं, आम्ही काय करावं, तर त्यानं चाकरी सोडा म्हणून सांगितलं नाही, लोकांवर जुलूम करू नका म्हणून सांगितलं. मग मोशेच्या नियमातलं काढलं. घर फोडताना चोर सापडला आणि मार लागून मेला तर मारणाऱ्यावर रक्ताचा दोष नाही, पण सूर्य उगवला असेल तर आहे.

"ह्ये असं कावून?" आबांनी विचारलं. "चोर त्योच की."

"अंधारात कळत नाही, तो जीव घ्यायला आलाय की दाणे न्यायला. उजेडात कळतं. कळत असताना मारलं तर ती राखण नाही, भिवाजी."

"अन् गालाचं?"

मास्तर म्हणाले, "माझा गाल असेल तर मी पुढं करावा, इतकं स्पष्ट आहे. जमेल न जमेल ही गोष्ट वेगळी. पण लेकराच्या गालावर कुणी हात टाकला, तर लेकराचा दुसरा गाल मी पुढं करावा असं प्रभू म्हणाल्याचं मला तरी सापडलेलं नाही. सूड घेऊ नका, सूड देवाचा, हे सापडतं. आड उभं राहू नका, हे सापडत नाही."

"आड उभा ऱ्हाईन की," आबा म्हणाले. "तेवडं अंग देवानं दिलंय मला. पर पाटलाची जवारी लेकरू न्हाई, मास्तर. जवारीपायी मी माणसाला भोसकू?"

माय शेंगा सोलता सोलता, वर न बघता म्हणाली, "अन् तुमी आड उभं ऱ्हाताना तुमालाच कोणी मारलं, तर मागून लेकरं कोणाच्या आड उभी ऱ्हातील?"

मायच्या त्या प्रश्नाचं उत्तर मला आजही येत नाही, आणि ते येतं असं सांगणाऱ्या माणसाचा मला भरवसा वाटत नाही. मास्तर शेवटी म्हणाले, "मी तुमच्या जागी असतो तर कदाचित भाला धरला असता. पण तुम्ही ठेवलात याचा मला मंडळीत अभिमान वाटतो. दोन्ही खरं आहे." मी कुडाला टेकून ऐकत होतो. एवढ्या सगळ्यातलं मी मला सोयीचं तेवढं उचललं. चोर मेला तरी दोष नाही, एवढं उचललं. सूर्याचं वाक्य सोडून दिलं.

फाल्गुनात ज्वारीची मळणी झाली. पाटलाचं खळं ओढ्यापलीकडं, वस्तीपासून हाकेच्या अंतरावर. बैलांच्या पाती फिरून थांबल्या, वारवणीत भूस उडून गेलं, आणि मोत्यासारखी पांढरी रास खळ्याच्या मध्यात पडली. ती वाड्यात जाईपर्यंत आबा तिथंच मुक्कामाला. उजाडलं की मी जायचो आणि ते घरी येऊन अंग धुवून, दोन घास खाऊन परत जायचे. तेवढा वेळ रास माझ्याकडं. त्या दिवसांत मी काय करत होतो ते सांगतो. आबा घरी नसताना मी आढ्यावरून भाला काढला. ओढ्यातल्या दगडावर त्याला धार लावली आणि खळ्याजवळच्या कडब्याच्या गंजीत लपवला. कुणी यावं अशी मी वाट बघत होतो. रास राखायची म्हणून वाट बघत नव्हतो. पुतण्याचं तोंड बंद व्हावं म्हणून बघत होतो.

त्या सकाळी आबा निघून गेले आणि मी गंजीच्या सावलीला पडलो. ऊन कोवळं होतं, पण होतं. डोंगराच्या माथ्यावर सूर्य हातभर वर आलेला. ओढ्याच्या अंगानं एक माणूस आला. वाळका, माझ्या आबांपेक्षा थोरला, खांद्यावर रिकामं पोतं. इकडंतिकडं बघून तो राशीपाशी उकिडवा बसला आणि दोन्ही ओंजळींनी पोत्यात ज्वारी भरायला लागला. हातात काठीसुद्धा नव्हती. मी भाला घेऊन उठलो. त्यानं माझ्याकडं बघितलं, पात्याकडं बघितलं आणि पोतं तिथंच राशीवर उपडं केलं. "घे बाबा, तुजं तुला घे," म्हणाला. सगळी ज्वारी राशीत परत गेली. मग तो वळून पळाला.

तिथं सगळं संपलं होतं. रास पुरी होती, पाटलाची पाटीभरही कमी नव्हती, आबांची जागलकी शाबूत होती. मी त्याच्यामागं धावलो आणि भाला फेकला. गुडघ्याच्या मागं लागला. ओल्या लाकडात कुऱ्हाड बसावी तसा आवाज झाला. तो आधी ओरडला नाही, "अगं माय" एवढंच हळू म्हणाला आणि बसला. मीही तिथंच उभा राहिलो. आयुष्यात मी अनेकदा भ्यालो आहे, पण स्वतःच्या हाताला भ्यालो तेवढा एकदाच.

आबा धावत आले. घरी गेल्यावर त्या दिवशी त्यांची नजर आढ्याकडं गेली, तिथली जागा मोकळी दिसली आणि ते तसेच, न जेवता परत फिरले होते. त्यांनी आधी माझ्याकडं बघितलंच नाही. डोक्याचं मुंडासं सोडलं, भाला काढला, जखमेवर घट्ट आवळून बांधलं आणि दोन्ही हातांनी दाबून धरलं. मग विचारलं, "पळत व्हता?"

"व्हय."

"दाणे घेऊन?"

"न्हाई. दाणे टाकले त्यानं."

आबांनी डोंगराकडं मान वर करून बघितलं. सूर्याकडं. मग म्हणाले, "ओढ्यावर जा. हात धू."

मी हात धुवून आलो तोवर शेतातली माणसं जमली होती, पाटील आले होते, आणि धारूरच्या ठाण्याचा जमादार गावात वसुलीच्या बंदोबस्ताला आलेला, तोही आला. जागल्याला चोरावर हात टाकायची मुभा होती, जागल्याच्या पोराला नव्हती. मला ठाण्यात नेलं असतं, आणि आमच्या वस्तीतलं तरणं पोर ठाण्यात गेलं की कसं परत येतं, हे आबांनी पाहिलेलं होतं. जमादारानं विचारलं, "किसने मारा? कोणी मारला बे?"

आबा जखमेवरचे हात न काढता म्हणाले, "भाला माजा हाय, सरकार."

जमादारानं पडलेल्या माणसाला विचारलं. त्याचं नाव म्हादू, डोंगरावरच्या वाडीचा. त्यानं एकदा आबांच्या हातांकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. म्हणाला, "मला काय दिसणार सरकार? पाठीला काय डोळे हायेत?"

दोघंही खोटं बोलले नाहीत. खोटं मी बोललो, तोंड न उघडता. जमादारानं "शाबास बे जागल्या" म्हणून आबांच्या पाठीवर थाप मारली, आणि हा आता पायानंच सजा भोगील म्हणून म्हादूला सोडून दिलं. आबा त्याला पाठीवर घेऊन डोंगर चढले.

पुढं रास वाड्यात गेली त्या दिवशी पाटलांनी चावडीवर आबांना शेला दिला. "आता जागल्या शोभतोस," म्हणाले. पुतण्यानंही वाहवा केली, आणि मला डोळा मारला, जणू आम्ही आता एका बाजूचे. आबांनी रीतीप्रमाणे शेला दोन्ही हातांवर घेतला. त्या वेळचा त्यांचा चेहरा मी पाहिला आहे. ज्या वाराची त्यांना घृणा होती आणि जो त्यांनी केला नव्हता, त्याचा मान ते घेत होते, आणि त्यांचा पोरगा गर्दीत उभा होता. दुसऱ्या दिवशी मायनं तो शेला धुतला आणि आबांनी त्याच्या पट्ट्या फाडल्या. रोज टोपलीतली निम्मी भाकर आणि त्या पट्ट्या घेऊन ते म्हादूच्या वाडीला जायचे. जखम भरली, पाय आखडला तो आखडलाच. मग आबा भाला घेऊन पाटलाच्या वाड्यात गेले, तो तिथं ठेवला आणि जागलकी सोडली. ती गेनूनानांकडं गेली. आबा सडकेवर खडी फोडायला जायला लागले.

मंडळीत काय झालं ते सांगायचं राहिलं. पुढचा प्रभुभोजनाचा रविवार आला; प्रभूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून त्या दिवशी मंडळी भाकर वाटून घेते, आणि कबूल न केलेलं पाप मनात ठेवून ती घेऊ नये अशी शिकवण आहे. आमच्याकडं त्यासाठी ज्वारीची भाकर आणि मनुकांचं पाणी असायचं. मास्तरांनी भाकर मोडायच्या आधी हलक्या आवाजात विचारलं, "भिवाजी, तुम्हाला काही बोलायचं आहे?" आबा म्हणाले, "न्हाई मास्तर." आणि उठून मागं दाराशी जाऊन बसले. कुणी त्यांना घालवलं नव्हतं. मी पुष्कळ वर्षं विचार केला, ते का उठले. जे केलं नाही त्याचा पश्चात्ताप ते बोलून दाखवू शकत नव्हते, ते ढोंग झालं असतं. आणि केलं नाही असं म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग केलं कुणी. म्हणून ते भाकरीपासूनच दूर बसले. घरी जाताना मी म्हटलं, "आबा, मी सांगू का?" ते म्हणाले, "मला इचारून सांगशील, तर ते माजं सांगणं होईल. तुला सांगायचं तवा तू सांगशील." पुन्हा कधी तो विषय त्यांनी काढला नाही. टोमणा नाही, उसासा नाही. माझ्या लग्नात नाचले. प्रभुभोजनाच्या प्रत्येक रविवारी मात्र दाराशी बसले, आणि मी पुढं.

ते आजारी पडले तेव्हा मास्तरही म्हातारे झाले होते. एका सकाळी ते काठी टेकत आमच्या घरी आले, फडक्यात भाकर आणि वाटीत मनुकांचं पाणी घेऊन. आबांच्या उशाशी बसले. म्हणाले, "भिवाजी, इतकी वर्षं झाली. देवानं केव्हाच माफ केलं असेल. घ्या आता." आबांनी माझ्याकडं बघितलं. मी पायथ्याशी पाण्याचा तांब्या धरून उभा होतो. त्यांच्या नजरेत मागणं नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. ते नुसते वाट बघत होते, जशी ते त्या चोरांच्या उंबऱ्यांबाहेर बघायचे. मला एवढंच म्हणायचं होतं, मास्तर, भाला मी मारला. माय होती, मास्तर होते, आम्हा चौघांखेरीज कुणी नव्हतं. मी म्हणालो नाही. आबांनी मग हळूच हात हलवला. "ऱ्हाऊ द्या मास्तर. पोराला द्या." मास्तरांनी भाकर माझ्यापुढं धरली. आणि मी ती घेतली.

पोरांनो, हत्यार धरावं का, हे मला विचारू नका. मास्तरांनी सांगितलेलं सगळं वर लिहिलं आहे, दोन्ही बाजूंचं, आणि मायचा प्रश्नही लिहिला आहे. त्यातून तुमचं तुम्ही ठरवा. उद्या कुणाच्या लेकरावर कुऱ्हाड उगारली गेली आणि तुम्ही काठी घेऊन आड उभे राहिलात, तर तुम्हाला दोष द्यायला माझी जीभ उचलणार नाही. पण मी केलं ती राखण नव्हती आणि बचावही नव्हता. आणि भिवा जागल्यानं शेवटी भाला उचलला, असं म्हणून काही ठरवू नका. त्यानं तो ठेवला तो ठेवलाच. नंतर दोनदाच हातात घेतला, एकदा दुसऱ्याच्या पायातून काढायला, आणि एकदा परत द्यायला.

हे मी अजून कागदावरच सांगितलं आहे. मंडळीपुढं उभं राहून आबांचं नाव त्यांना परत देणं मी लागतो. म्हादू गेला, त्याची लेकरं डोंगरावरच्या वाडीत आहेत. त्यांच्या दारी जाऊन, त्यांच्या बापाला लंगडा करणारा मी, हे सांगणं मी लागतो. आणि ती दोन्ही कामं होईपर्यंत प्रभूच्या भाकरीला हात न लावणं लागतो. यातलं काहीही मी अजून केलेलं नाही.